दुसरी वाट

आमच्या अमरावतीच्या पीकविमा कार्यालयात संगणकांना माहितीच्या साठ्याशी जोडणारे दोन स्विच एक तंत्रज्ञ सांभाळायचा. दर सोमवारी, खिडकीवर गर्दी असतानाच, मुख्य स्विचची केबल तो उपटायचा. माहिती आपोआप दुसऱ्या स्विचवरून धावू लागायची.

"दुसरी वाट चालते का नाई, हे पयली बंद पडल्यावर नाई पाहाचं," असं म्हणत तो केबल परत लावायचा.

मंत्र्यांच्या दौऱ्यासाठी साहेबांनी दुसरा स्विच अकोल्याला नेला. तरी सोमवारी त्यानं केबल उपटलीच. सगळे संगणक अडकले.

"कावून काढली? माईत होतं ना तुले?" मी ओरडलो.

"सायबाले समजू दे."

केबल खिशात घालून तो चहाला गेला. साहेब तेव्हा अकोल्यात हार घालून घेत होते. समजलं ते तिवस्याहून आलेल्या शेतकऱ्यांना. विमा भरायची मुदत त्याच दिवशी संपत होती.