रिकाम्या खोक्यावरचा नंबर

मंडळी, सकाळपासून नुसता जळफळाट चाललाय माझा. इथे नाही ओकला तर झोप यायची नाही.

माझ्याकडे एक जुनं रिव्हॉल्वर आहे. डिअ‍ॅक्टिव्हेट केलेलं, म्हणजे ज्यातून गोळी कधीच उडणार नाही असं. इथे इंग्लंडच्या कायद्यात तेवढंच बसतं. त्याचं कंपनीचं ओरिजिनल खोकं मी सात वर्षं शोधतोय.

आज मिल्टन कीन्सच्या कार बूट सेलला, म्हणजे लोक गाडीच्या डिकीतून जुनं सामान विकतात त्या बाजाराला, नितीनबरोबर गेलो होतो. नितीन माझा ऑफिसमधला मित्र. त्याच्या बायकोला घरात बंदूक चालत नाही, म्हणून हा पठ्ठ्या नुसती रिकामी खोकी जमवतो. खोकी पारखायला त्याला मीच शिकवलं: "झाकणावर जाऊ नकोस, आधी बाजूचं लेबल बघ."

एका टेबलावर फाटक्या झाकणाचं खोकं पडलं होतं. मी झाकण बघितलं आणि नाक मुरडून पुढे गेलो. त्याने बाजू बघितली आणि घेऊन टाकलं.

नंतर कॉफी पिताना त्याने ते माझ्यापुढे ठेवलं. "गुरुजी, वाचून दाखव ना!"

मी वाचलं. हे अक्षर म्हणजे निळसर फिनिश, हा चार म्हणजे चार इंची नळी.

"आणि हा खालचा नंबर?"

तो माझ्या रिव्हॉल्वरचा नंबर होता. आकडा न् आकडा तोच; सात वर्षं शोधतोय ते खोकं हेच.

"त्याला काही अर्थ नसतो रे," मी म्हणालो.

खरं सांगितलं तर नितीन हसत हसत ते खोकं मला देऊन टाकेल, माहितीये मला. पण त्याचं ते हसणं मी कसं सहन करू, सांगा?