इंग्रजीतला हुंकार

डाक बंगल्यावर किस्से पानगळीसारखे साचतात. सकाळी व्हरांडा झाडून घ्यावा, तर संध्याकाळी पुन्हा ढीग! मला चारचौघांत बोलायला जमत नाही, म्हणून लिहून काढतो.

आमचा बंगला शहाद्याहून तोरणमाळकडे जाताना डोंगराच्या पायथ्याशी. माणसं आम्ही चारच. खानसामा रहीमचाचा, विहिरीचं पाणी भरणारा भिकनभाऊ, चौकीदार डेमाकाका आणि मी, साहेबांना चहापाणी देणारा हंगामी बेरा. चौथीनंतर शाळा सुटली, वडील गेले. आई तिकडे प्रकाशा गावात एकटी. होळीनंतर मोठा साहेब मुक्कामाला यायचा होता. त्याच्याशी इंग्रजीत बोलता आलं तर नोकरी कायम, नाहीतर आईला सोडून गुजरातेत मजुरी!

चाचा म्हणाले, "पोपटासारखं घोकशील तर साहेबासमोर तोंड उघडणार नाही. गोष्ट ऐक. शब्द आपोआप आत उतरतात."

*

गोष्ट रोज ऊन उतरलं की व्हरांड्यात चालायची. एक साहेब एकटाच एका बंगल्यावर येतो. कुठून येतो ते चाचा सांगत नसत. तो वॉटर मागतो, टॉवेल मागतो, लॅम्प मागतो. शब्द आला की चाचा ती वस्तू हातात देत. अर्थ विचारायचा नाही.

आता आमच्याकडे हुंकाराशिवाय गोष्ट पुढं जात नाही. प्रत्येक वाक्याला कुणीतरी "हं" म्हणायलाच हवं. ते काम डेमाकाकाचं. तो पावरा आदिवासी, डोंगरातला. घोंगडी पांघरून सगळ्यांत खालच्या पायरीवर बसायचा. चाचांनी त्याला बजावलं, "हुंकारही इंग्रजीत!" तेव्हापासून डेमाकाका प्रत्येक वाक्याला गंभीरपणे म्हणायचा, "यस."

भिकनभाऊ मात्र वैतागायचा. "चाचा, तुमनी गोष्टना साहेब नुसता मांगस! कोनले काही देस का नही?"

"साहेब आहे तो!" चाचा म्हणाले.

"यस," डेमाकाका म्हणाला.

*

एके दिवशी गोष्टीतला साहेब विहिरीवर गेला. त्यानं बकेट आत सोडली, तर खालून कुणीतरी दोर हलकेच ओढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिकनभाऊ विहिरीवरून धावत आला. धोतर भिजलेलं, तोंड पांढरं. त्याला बोलताच येईना. मी खांदे धरून हलवलं, तेव्हा त्याच्या तोंडून एकच शब्द फुटला, "बकेट! बकेट!"

बादली सुटून पाण्यात गेली होती. दोर मात्र खालून ताणलेलाच होता. आम्ही तिघांनी ओढला तेव्हा सैल झाला.

चाचा शांतपणे म्हणाले, "बघ, शब्द कसा बसला!"

*

डोंगरातली माणसं रानात वाघाचं नाव घेत नाहीत. चाचांना हे ठाऊक होतं. ते हसून म्हणाले, "टायगर म्हणू. त्याला कुठं इंग्रजी कळतं?"

डेमाकाका विचारात पडला. मग म्हणाला, "का नाय कळणार? बंदूकवाले साहेब त्याच नावानं त्याला शोधत येतात."

चाचांनी तरी वाक्य सांगितलं. गोष्टीतल्या साहेबाच्या दारात टायगर आला.

त्या एका वाक्याला डेमाकाकानं हुंकार दिला नाही.

सकाळी स्वयंपाकघराभोवती पंजे उमटले होते. आमच्या कुणाच्या खोलीकडे एकही वळला नव्हता. चाचा गोष्ट सांगताना ज्या सतरंजीवर बसत, तिच्यावर मात्र ओल्या मातीचा ठसा होता. त्यानंतर चाचांनी तो शब्द कधी उच्चारला नाही!

*

मला "सिट डाऊन, सर" शिकायचं होतं. चाचांनी वेताची लांब हातांची चेअर डोंगराकडे तोंड करून ठेवली. "साहेब आलाय असं समज."

मी रिकाम्या खुर्चीसमोर वाकलो. "सिट डाऊन, सर."

वेत करकरला.

उन्हानं वेत करकरतो, हे मलाही माहीत आहे. पण भिकनभाऊ कुजबुजला, "बसना शे ना भो तो! पानी दे त्याले!"

मी घाबरून हातातला ग्लास खुर्चीच्या हातावर ठेवला आणि निघून गेलो. सकाळी ग्लास जागेवरच उभा होता. आत थेंबही नव्हता.

"मांजर पी गई व्हई," भिकनभाऊ म्हणाला. त्या दिवसापासून व्हरांडा मात्र तो एकटा झाडेना.

*

होळीला डेमाकाका वर आपल्या गावी निघाला. गोष्ट शेवटाकडे आली होती. काठी टेकत तो म्हणाला, "मी येईपर्यंत पुढं नेऊ नका. हुंकारवाल्यानं गोष्ट अर्धी सोडायची नसते. आमच्याकडं चालत नाय."

तो परत आला नाही. होळीच्या ढोलानंतर त्याला ताप भरला आणि त्यातच तो गेला. त्याचा भाऊ त्याची काठी घेऊन सांगायला आला होता.

चाचांनी गोष्ट बंद केली. भिकनभाऊनं हुंकार देऊन पाहिला, पण चाचा मान हलवून म्हणाले, "नाही जमत." मला शेवट कळलाच नाही. आणि मोठा साहेब आला!

*

साहेब त्याच खुर्चीत बसला, डोंगराकडे तोंड करून. सूर्य अजून टेकायचा होता. त्याला थोडीफार मराठी येत होती. विचारलं, "इंग्लिश कुठं शिकला?"

"स्टोरी, सर."

"सांग."

आई डोळ्यांपुढे आली. दाराआड चाचा ट्रे धरून उभे, भिकनभाऊ त्यांच्या मागे. हुंकार देणारं कुणी नव्हतं.

मी कसंबसं पहिलं वाक्य म्हटलं आणि सवयीनं थांबलो. मग का कोण जाणे, जीभ सुटली. वॉटर, टॉवेल, लॅम्प, बकेट, सगळं आपापल्या जागी येत गेलं. प्रत्येक वाक्याशेवटी मी थांबायचो आणि पुढचं सुचायचं. मला कुणी न सांगितलेला शेवटही मी सांगितला. तो मला आता आठवत नाही.

साहेबानं पाइप पेटवला. मग म्हणाला, "गुड. नोकरी तुझी."

मी वाकलो. साहेबानं पाइपनं खालच्या पायरीकडे खूण केली.

"आणि त्या घोंगडीवाल्या म्हाताऱ्याला पण थोडं शिकव. बिचारा मघापासून नुसतं 'यस, यस' करतोय."

मी पायरीकडे पाहिलं. उन्हाचा शेवटचा तुकडा तेवढा तिथं होता.

"यस, सर," मी म्हणालो.