निकाल कोर्टाचा, वसुली जाऊबाईंची

उशांचे निम्मे अभ्रे दोरीवर पडले होते, निम्मे अजून बादलीत पिळून ठेवलेले. तेवढ्यात थोरल्या जाऊबाई दारात येऊन म्हणाल्या, "हात पूस आणि चल. तुला स्टूल विकत घ्यायचंय."

मला स्टूल घ्यायचंय हे मलाच ठाऊक नव्हतं. पण जाऊबाईंशी वाद घालण्यापेक्षा चपला शोधणं सोपं.

मोठे भाऊजी गेल्यापासून जाऊबाई सोफ्याची कव्हरं शिवतात. त्यांच्या शिवणीत बोट घालून ओढा, कापड फाटेल, टाका सुटायचा नाही. फर्निचरवाल्या शेठने दीड वर्ष त्यांच्याकडून कव्हरं शिवून घेतली आणि पैशांचं नाव काढलं की पुढचा आठवडा दाखवला. हाताखालच्या दोघींची मजुरी भागवायला जाऊबाईंनी आपलं दुसरं मशीन विकलं आणि मग शेठवर दावा लावला. आमचे हे म्हणाले, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये.

"मी चढले भाऊजी," जाऊबाई म्हणाल्या. "आता रिकाम्या हाताने उतरायची नाही."

तीन वर्षांनी त्या जिंकल्या. आणि आम्ही दोघींनी काय करावं? पैसे कोर्टातच मिळणार असं धरून चेनची पिशवी घेतली आणि खिडकीपुढच्या रांगेत जाऊन उभ्या राहिलो. मी तर रांगेतच देवाचे आभार मानून मोकळी झाले. कारकुनाने चष्म्यावरून पाहिलं. हसला नाही बिचारा.

"बाई, निकाल आमचा, वसुली तुमची."

शेठ आपणहून देत नसेल तर त्याचं खातं कुठल्या बँकेत आहे, माल कुठे आहे, हे आपणच शोधून अर्जात लिहायचं, मग कोर्ट जप्तीचा हुकूम काढतं, असं त्याने समजावून सांगितलं. शेठने तर निकालाची नक्कल पाहून सल्ला दिला होता की चौकट करून भिंतीला लावा, शोभून दिसेल.

म्हणून हे स्टूल. शेठ जाऊबाईंना ओळखत होता, मला नाही. वाटेत मी म्हटलं, मी देवाचं नाव घेणारी बाई, मला खोटं बोलायला लावू नका.

"खोटं कशाला? माळ्यावरचं काढायला तुला स्टूल लागतं की नाही?"

लागतं.

"मग घे. फक्त रोख देऊ नकोस. बँकेतून पाठवते म्हण आणि खात्याचा नंबर बिलावर लिहून माग."

त्या कोपऱ्यावर थांबल्या. मी तीन स्टुलं डुगडुगवून पाहिली, चौथं पसंत केलं. शेठ रोखीसाठी हटून बसला, वर सूट देऊ लागला. मी पर्स उघडून दाखवली. आत बसपुरती चिल्लर आणि माझी जपमाळ. शेवटी वैतागून त्याने बँक, शाखा, नंबर, नाव सगळं आपल्या हाताने बिलावर लिहिलं. मी तिथेच फोनवरून पैसे पाठवले. स्टुलाचा पैसा आम्ही बुडवला नाही.

अर्ज गेला आणि तिसऱ्या आठवड्यात खातं गोठलं. त्यात निम्म्याहून थोडी जास्त रक्कम निघाली. उरलेल्यासाठी जाऊबाईंनी लगेच दुकानातल्या मालाच्या जप्तीचा अर्ज टाकला, त्याचाही हुकूम निघाला.

आज दुपारी शेठ स्वतः त्यांच्या दारात उभा. पूर्वी 'ए बाई' म्हणायचा, आज 'ताई' म्हणाला. खात्यातले घ्या, बाकीचे सोडा, मिटवून टाकू. जाऊबाई सुईत दोरा ओवत होत्या, त्या उठल्याही नाहीत.

"निकालात निम्मे लिहिलेत का?"

माणुसकी म्हणून काही असते, असं शेठ म्हणाला.

"होती ना. दीड वर्ष तुमच्याकडे तीच शिवत होते. कापड संपलं."

भर रस्त्यात दुकानातला माल बाहेर काढला तर माझ्या अब्रूचं काय, असं तो पुटपुटला.

"सोफे उचलताना कव्हरं जपायला सांगते," जाऊबाई म्हणाल्या. "शिवण माझी आहे."

शेठ गेल्यावर मी देवापुढे बसले. त्यालाही सद्बुद्धी दे म्हटलं, पण पैसे आधी, हेही देवाला स्पष्ट सांगितलं.

उद्या साडेदहाला जाऊबाईंना जप्तीसाठी कोर्टाच्या बेलिफाला घेऊन शेठच्या दुकानात जायचं आहे.