पुसण्यात पहिला नंबर

मास्तरांचा हात लोखंड कातायच्या जुन्या लेथवर असा बसलेला होता, की ते शेजारच्या खोलीतून नुसता आवाज ऐकून ओरडायचे, "अरे, टूल बोथट झालंय, बदल ते!" गावच्या प्रशिक्षण केंद्रात त्यांनी जन्म घालवला. माणूस शब्दाला पक्का, डोक्याने तापट. पण "मला येत नाही" हे वाक्य त्यांच्या तोंडून बायकोनेसुद्धा कधी ऐकलं नव्हतं, आणि त्या बाईने वाट कमी पाहिली नव्हती.

मग गावाबाहेर मोठा कारखाना येणार असं ठरलं. कामं बाहेरच्यांच्या घशात जाऊ नयेत, आपल्या पोरांना मिळावीत, म्हणून नगरपालिका आणि व्यापारी मंडळ कधी नव्हे ते एकत्र आले. त्यांनी केंद्राला संगणकावर चालणारं नवं लेथ मिळवून दिलं. ते शिकवायला एक तरुण इंजिनिअर आला. तो बटणं दाबत होता, पडद्यावर आकडे पळत होते आणि भोवती मुलं टक लावून उभी होती. "समजलं ना, मास्तर?" त्याने विचारलं. "हो हो, त्यात काय एवढं!" मास्तर म्हणाले. खरं तर त्यांना ओ की ठो कळलं नव्हतं. एकदा विचारायचं त्यांच्या ओठांवर आलं होतं, पण पोरांसमोर नाक कापून घ्यायचं म्हणजे काय! इंजिनिअर निघून गेला आणि मशीनवर कापड पडलं.

"महागाची वस्तू आहे. आधी निगा शिका," असा मास्तरांनी हुकूम काढला. निगा त्यांनी शिकवली तीही अशी, की नाव ठेवायला जागा नाही. आधी ब्रशने लोखंडाचा कीस झाडायचा. मग कोरडं फडकं, मग तेलाचं. हवेची नळी मारायची नाही, हवेने कीस सांध्यात घुसतो. आता न चालणाऱ्या मशीनवर कीस येणार कुठून? तर मास्तर जुन्या लेथखालचा कीस सुपलीने आणून नव्यावर टाकायला लावायचे आणि मग झाडायला लावायचे! पाहुणे आले की कापड निघायचं. "वा, अगदी नव्यासारखं ठेवलंय!" असं म्हणून पाहुणे जायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात ना, त्यातला प्रकार. कौतुक ऐकलं की त्या दिवशी मास्तरांना जेवण जायचं नाही. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा कापड असायचंच.

त्या तुकडीत त्यांची धाकटी मुलगीही होती. केंद्रात तिने बाबा म्हणायचं नाही, मास्तरच म्हणायचं, असा दंडक होता. ती हुशार. मशीनपाशी रेंगाळायची, पडद्याकडे बघायची, आणि बापाची नजर वळली की मुकाट्याने फडकं उचलायची.

कारखाना सुरू झाला. परीक्षा झाली, तुकडीतली काही मुलं घेतली, धाकटीही लागली. काम काय, तर "मशीन विभागात आहे," एवढंच तिने सांगितलं. मास्तर गावभर छाती पुढे काढून फिरले. मनातली टोचणीसुद्धा जरा बोथट झाली. न शिकवता पोरं लागली, मग बिघडलं काय?

आणि एक दिवस कारखान्याने केंद्राच्या लोकांना पाहायला बोलावलं. मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून प्राचार्यांबरोबर गेले. आत मशीनांची लांब रांग होती. प्रत्येकासमोर बाहेरगावचा माणूस उभा राहून बटणं दाबत होता. केंद्राची पोरं मधूनमधून दिसत होती. त्यांच्या हातात ब्रश होते. धाकटी एका मशीनमध्ये वाकून कीस झाडत होती. मग कोरडं फडकं, मग तेलाचं. एकही पायरी चुकली नाही.

"तुमच्या पोरांना तोड नाही," मॅनेजर मनापासून म्हणाला. "मशीन चालवता येतं का विचारलं, तर सगळी म्हणाली, पुसता येतं. खरं बोलणारी मुलं! सफाईला अशीच हवीत. पुढची तुकडीही पाठवा."

प्राचार्य सवयीने "आभारी आहोत" म्हणून बसले. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. धाकटीने वर पाहिलं आणि बापाला पाहून तेलाचं फडकं पाठीमागे लपवलं. ते मात्र त्यांना सोसवलं नाही.

"साहेब, पोरांनी खरं सांगितलं, मी नाही सांगितलं," ते म्हणाले. "ते मशीन मला चालवता येत नाही. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?"

प्राचार्यांनी खोकून पाहिलं, पण आता खोकून काय होणार! मॅनेजर गोंधळला, मग म्हणाला, "शिफ्ट संपली की एकाला इथे शिकवता येईल. तुम्ही या, मास्तर."

"मी नको. हिला शिकवा. ही शिकली की केंद्रात येऊन आम्हाला शिकवेल. मी पोरांबरोबर बाकावर बसेन."

संध्याकाळी बापलेक चालत घरी निघाले.

"घरी का नाही सांगितलंस?" मास्तरांनी विचारलं.

"काय सांगू? तुम्ही गावभर सांगून बसला होतात."

"आणि केंद्रात? मला येत नाही हे तुम्हा कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

"सगळ्यांच्या आलं होतं, बाबा. तो इंजिनिअर गेला त्याच दिवशी."

मास्तर थांबले. "मग एकानेही तोंड का उघडलं नाही?"

"आमचं ठरलं होतं," ती म्हणाली. "ते मशीन चालू करा असं तुम्हाला कुणी म्हणायचं नाही. तुम्हाला लाज वाटली असती."