हंसाचा नोव्हेंबर

नोव्हेंबरात दांडीच्या कोळीवाड्यातल्या बायका बोंबील वाळत घालतात. हंसाही त्यांच्यात असते, पण त्याच महिन्यात तिला आणखी एक काम असतं. घटस्फोट घेतलेला नवरा जिवंत आहे, हे तिला सरकारला दाखवून द्यायचं असतं. तीन वर्षं तिचा हा नेम चुकला नव्हता.

"निंगाली गं, निंगाली!" शेजारची झुंबर हातातले बोंबील बांबूवर अडकवता अडकवता मासळी वाळवायच्या सगळ्या खळ्याला ऐकू जाईल असं ओरडायची. "काडीमोड घेतला का रजा घेतली, हंसे? आमी नांदनाऱ्या बाया पन येवढं नवऱ्याला जपत नाय!"

"तुजा गेला तर तुला त्याची होडी हाय," हंसा पदर खोचत म्हणायची. "माजा गेला तर माला काय हाय?"

खोटं नव्हतं ते. शिवाजी मूळ घाटावरचा, वडील तारापूरच्या वीज प्रकल्पात नोकरीला. हंसाशी लग्न केलं तेव्हा दोन्ही घरांनी तोंड फिरवलं. तो फौजेत गेला आणि हवालदार होऊन परतला, तो उजवा पाय सीमेवरच्या सुरुंगात ठेवून. मागोमाग पेन्शन आली, अपंगत्वाची वेगळी भर आली, आणि दारूही आली. राग आला की बसल्या जागी नकली पाय सोडवायचा आणि हंसाला फेकून मारायचा. नेम मात्र फौजेतलाच राहिला होता. एकदा तो पाय तिच्या खांद्यावर बसला, हाड सरकलं, आणि तेव्हापासून तिचा हात डोक्यावर जात नाही. वरच्या बांबूचं काम तिला कुणी देत नाही. खाली बसून मासळी निवडायची, त्याची मजुरी निम्मी.

त्या खांद्यापायी ती पालघरच्या कोर्टात गेली. मनीष वकील बोलण्याआधी दोनदा खाकरायचे.

"अहं, अहं. काय आहे ना ताई, पोटगी एकरकमी घ्या. दरमहा म्हणजे काय आहे ना, ते आहेत तोवर. उद्या त्यांचं काही झालं, तर त्यांच्या माघारी मिळणारी पेन्शन घटस्फोटितेला मिळत नाही. काय आहे ना, सांगणं माझं काम."

हंसानं दरमहाच मागितलं. कोळीवाड्यात एकदम आलेला पैसा कुण्या बाईचा एकटीचा राहत नाही, हे ती लहानपणापासून बघत आली होती. तो भावाच्या होडीच्या इंजिनात जातो, उरला तर जाळ्यात जातो, आणि नाही म्हणणाऱ्या बहिणीला दिवाळीला कुणी बोलावत नाही. थोडं थोडं आलं तर कुणाच्या डोळ्यावर येणार नाही, असं तिला वाटलं. त्या दिवशी तिनं आपली चूल शिवाजीच्या श्वासाला बांधली, सही केली आणि खाली उतरून वडापाव खाल्ला.

दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला दिला नाही की पेन्शन थांबते, आणि तिच्यातून येणारी हंसाची पोटगीही. शिवाजी तो आपणहून देईना. पहिल्या वर्षी हंसा त्याला बँकेत घेऊन गेली. तिथल्या माणसानं विचारलं, "ह्या तुमच्या कोण?" तर हा काउंटरवर कुबडी आपटून म्हणाला, "सावकारीण! लिवून घ्या!" पुढच्या वर्षी दाखला मोबाईलवर निघू लागला. मोबाईलसमोर चेहरा धरायचा आणि डोळे मिचकवायचे, एवढंच. शिवाजी पहाऱ्यावरच्या शिपायासारखा टक्क बघत राहिला. डोळ्यांतून पाणी आलं, पण पापणी हलली नाही. हंसानं शेवटी तोंडावर फुंकर मारली.

यंदा तीस तारीख उजाडली. हंसा बोईसरला उतरली, ओळखीच्या अक्षयची रिक्षा केली आणि शिवाजीच्या चाळीच्या तोंडाशी त्याला थांबवून ठेवलं. भांडणाची सगळी तयारी करूनच तिनं दार ढकललं.

शिवाजी पलंगावर उशीला टेकून बसला होता. दाढी केलेली. इतकं उकडत असताना कमरेपर्यंत गोधडी. उदबत्त्यांचा धूर कोंडलेला.

"ये. बस की," तो म्हणाला.

हंसा उभीच राहिली. चार वर्षांत त्यानं तिला बस म्हटलं नव्हतं.

"आन तो मोबाईल. काय मिचकवायचं ते मिचकवतो."

आणि खरंच मिचकवले. एकदा, दोनदा, वर हसला. फोनवर हिरवी खूण उमटली. काम झालं होतं.

"बास? वरीसभराचं झालं न्हवं तुझं? जा आता."

ती वळली नाही. बाहेरून सुकलेला बोंबील आतून नासला असेल तर हंसाच्या नाकाला टोपलीजवळ येताच कळतं. धुराच्या खालून तोच वास येत होता. तिनं गोधडी ओढली. डाव्या पायाची तीन बोटं काळी पडली होती आणि वर घोट्यापर्यंत कातडी सुजून चकाकत होती. खिडकीत मधुमेहाच्या गोळ्यांची पाकिटं रांगेनं ठेवलेली, एकही न फोडलेली.

"कवापासून हाय ह्ये?"

"दसऱ्यापासनं."

"चल. रिक्षा हाय भायेर."

"कुठं? कापायला?" तो अगदी शांतपणे म्हणाला. "एक पाय सरकारला दिला. दुसरा तुला न्हाई द्यायचा. आन दवाखान्यात सही कोन करनार? नात्याच्या रकान्यात काय लिवशील गं?"

हंसा धावत बाहेर गेली, अक्षयला हाक मारली. दोघं परत आली तोवर दाराला आतून कडी लागली होती. त्याच पायावर उठून लावलेली.

"शिवाजी! उघड!"

तिनं दोनदा दार बडवलं.

"मावशी, कोन हाय तुमचा ह्यो?" अक्षय दबक्या आवाजात म्हणाला. "पोलिसांचं लफडं होईल ना. माजी रिक्षा..."

"लाथ घाल."

"अवो पन..."

"घाल म्हनते ना!"

दुसऱ्या लाथेला कडी निखळली, पण दार वीतभरच उघडलं. पलीकडे शिवाजी दाराला पाठ लावून जमिनीवर बसला होता. फटीतून त्याचे पांढरे केस दिसत होते आणि तापानं फणफणलेला श्वास ऐकू येत होता.

"हंसा," तो म्हणाला, "उगं दमू नगंस. जा."

तिनं चांगला हात फटीतून आत घातला, हाताला लागली ती कॉलर मुठीत पिळली, आणि मागे न बघता अक्षयला म्हणाली, "ढकल."