शितांनी चिकटवलेलं प्रकरण

सुखदेवदादांची शेवटची कादंबरी मी न वाचताच वाचली म्हणून सांगितलं. सहा वर्षं हे कोणाजवळ बोललो नाही. दादा गेल्याला आता दीड महिना होतोय... त्यांच्याविषयी काही लिहायचं तर सुरुवात इथूनच करावी लागेल.

दादा सालेकशाकडच्या एका रेल्वे फाटकावर गेटमन होते, मी तिथल्याच शाळेत मास्तर. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात, मांडीवर वही ठेवून त्यांनी अकरा रहस्यकादंबऱ्या लिहिल्या. बोडीच्या पाण्यावर तरंगणारं प्रेत, मोहाची फुलं वेचायला गेलेली आणि परत न आलेली बाई, राईस मिलच्या कोंड्यात पुरलेला माणूस... लोक ती पुस्तकं स्टेशनवर घेत, गाडीत वाचत आणि सीटवरच सोडून उतरत. दादांना त्याचं वाईट वाटत नसे. "कोणी तरी उचलतेच ना, मास्तर," म्हणायचे. ते कविताही लिहीत, हे मात्र वहिनी आणि मी सोडून कोणाला ठाऊक नव्हतं.

त्यांची एक पद्धत होती. हस्तलिखित आधी मला द्यायचे, पण शेवटच्या प्रकरणाची पानं कडेनं भाताच्या शितांनी चिकटवून. खुनी कोण ते मी वरच्या पानावर पेन्सिलीनं लिहायचं आणि मगच पानं सोडवायची. माझा अंदाज बरोबर निघाला, तर ते अख्खी कादंबरी पुन्हा लिहीत. आत शेवटच्या पानाच्या मागे एक कविता असायची, फक्त माझ्यासाठी. एकदा मी अधीर होऊन आधीच पानं सोडवली आणि पुन्हा चिकटवली. दादांनी कडेवरून अंगठा फिरवला आणि हसले. "चोरी कायले लपवून राहिला, मास्तर? माहा धंदाच हा होय."

पुढे मी मुख्याध्यापक होऊन तिरोड्याला आलो. साहित्याच्या कार्यक्रमांची बोलावणी येऊ लागली, मी व्यासपीठावर बसू लागलो. खुनाच्या गोष्टी लिहिणारा गेटमन माझा मित्र आहे, हे तिथे सांगायला मला लाज वाटायची. तेव्हाच निवृत्त झालेले दादा पॅसेंजरनं आले, कापडी पिशवीतून बारावी कादंबरी घेऊन. "हे जमली वाटते. पण तू सांग."

दोन महिने ती माझ्या कपाटावर पडून होती. मग फोन आला, "काऊन मास्तर, कोणं मारला?" दुसऱ्या दिवशी वरच्या पानावर मी लिहिलं, 'ओळखता आला नाही', आणि त्यांच्या घरी नेऊन दिली. "कमाल केली दादा, शेवटपर्यंत पत्ता लागला नाही," असंही म्हणालो. दादांनी नेहमीसारखा कडेवरून अंगठा फिरवला. कादंबरी परत पिशवीत ठेवली. मग म्हणाले, "बरं. च्या पिऊन जा."

त्यानंतर त्यांनी एक ओळ लिहिली नाही. त्या कादंबरीचं विचारलं तर म्हणायचे, "प्रकाशकाले नको होती." मला ते ऐकून हायसं वाटायचं, हेही लिहून टाकतो. गोंदियाच्या दवाखान्यात शेवटचे तीन दिवस त्यांच्या उशाशी होतो. ते गाड्यांच्या वेळा बडबडत होते. मी तेव्हाही बोललो नाही...

सगळं आटोपल्यावर वहिनींनी ती पिशवी माझ्यासमोर ठेवली. "प्रकाशकाकडे गेलीच नाही हे. त्यायले मी म्हटलं, पाठवा ना. त म्हणाले, मास्तरलेच वाचावीशी नाही वाटली, मंग दुसऱ्याले कायले देऊ?"

शितं शाबूत होती. पानं सोडवायचंही मला सुचलं नव्हतं. रहस्यकथा लिहिणाऱ्या माणसाच्या हातात मी असा ढळढळीत पुरावा देऊन आलो होतो.

दोन दिवसांत कादंबरी वाचली. खुनी म्हणून कंपाउंडरचं नाव लिहिलं आणि पानं सोडवली. शितं दगडासारखी झाली होती, कड फाटली. खुनी कंपाउंडर नव्हता. पहिल्याच पानावर फाटक उघडून देणारा एक माणूस होता, ज्याच्याकडे मी नीट पाहिलंसुद्धा नव्हतं. अकरांपैकी एकही कादंबरी इतकी चांगली नव्हती. मागे कविता होती:

गाडी गेली, फाटक उघडलं,
जो तो आपल्या रस्त्यानं गेला.
मी झेंडी गुंडाळून हातात
कोनाची वाट पाहून राहिलो?

कादंबरी घेऊन वहिनींकडे गेलो, त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी उठून दादांची पेन्सिल आणून दिली. माझी ती जुनी ओळ मी खोडली नाही. तिच्याखाली लिहिलं आणि वहिनींना वाचून दाखवलं: 'दादा, तेव्हा वाचली नव्हती. आता वाचली. खरंच ओळखता आला नाही. मला माफ करा.'