पुलावर अडकलेला ठिपका

कारेगावातल्या आमच्या ऑफिसात ट्रक दिसत नाहीत, ठिपके दिसतात. भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर नकाशा असतो आणि त्यावर कंपनीच्या गाड्या सरकत असतात. चालती गाडी हिरवी, उभी पिवळी, काही बिनसलं की लाल. एवढ्या मोठ्या ट्रान्सपोर्ट कंपनीच्या सगळ्या गाड्या तिच्या स्वतःच्या असतील, असं लोकांना वाटतं. तसं नसतं. बऱ्याचशा गाड्या आसपासच्या गावांतल्या मालकांनी कंपनीला लावलेल्या असतात. माल कारखान्याचा, गाडी भलत्याचीच, ड्रायव्हर तिसऱ्याच गावचा, आणि या सगळ्यांना फोन करणारी मी.

मी दौंडची. अब्बा रेल्वेत होते. मला ही नोकरी लागली तेव्हा अम्मीला बरं वाटलं, कारण काम खुर्चीत बसून होतं. गाडी थांबली की विचारायचं, का थांबलात. कुणी जोरात ब्रेक दाबला की गाडीतलं यंत्र आम्हाला कळवतं, मग विचारायचं, ब्रेक का दाबला. ड्रायव्हर वैतागायचे. कधीच न वैतागणारे एकच होते, वडगाव रासाईचे. त्यांच्या वडलांनी मेंढरं राखली, घरी आता ऊस होता, आणि ते ट्रेलर चालवायचे. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो.

त्या दिवशी जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती. मामा पत्र्याची कॉइल घेऊन दौंडकडं निघाले होते. कॉइल म्हणजे गुंडाळलेल्या पोलादी पत्र्याचं भलंमोठं चाक. खाली लाकडाच्या पाचरी ठोकतात, वरून साखळ्या आवळतात, आणि तसंच ते ड्रायव्हरच्या पाठीमागं बसलेलं असतं.

मामांचा ठिपका लाल झाला. जोराचा ब्रेक. मी नेहमीसारखा फोन लावला.

"मामा, ब्रेक का लागला?"

"पोरी, ते र्‍हाऊ दे. कुत्रं आडवं आलं. पन मागं आवाज झालाय. साखळी तुटलीय."

"मग थांबा ना मामा, बाजूला घ्या."

"कसा थांबू? उतार हाय. ब्रेक मारला तर कॉइल पुढं येती. आत्ताच सरकलीय, केबिनला टेकाया आलीय."

मी केबिनमधला कॅमेरा उघडला. मामांचा चेहरा घामानं चकाकत होता. ते मागं बघत नव्हते. मान ताठ धरून बसले होते, कुणीतरी मानेवर सुरी धरावी तशी. आमचे साहेब माझ्या मागं येऊन उभे राहिले आणि नुसतेच "अरे देवा" म्हणाले.

"पुढं काय आहे मामा?"

"भीमेचा पूल. पुलावर उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या. वर बायामान्सं बसल्यात." मामांनी गिअरचा दांडा ओढला. "गिअर पाडलाय, तरी गाडी लै पळतीय. समोरनं काय येतंय, ट्रॅक्टरमुळं दिसंना. मोकळं असंल तर बाजूनं काढतो. पल्याड चढ हाय, तिथं आपोआप थांबंल."

मला तरी कुठं दिसत होतं? नकाशावर रस्ता रिकामाच असतो. त्यावर मोटरसायकली नसतात, एसटी नसते, शाळेतून येणारी मुलं नसतात. पण पुलाच्या पलीकडं चौफुल्याकडून येणारा आमचाच एक हिरवा ठिपका होता. रिकामा ट्रक, ड्रायव्हर बिहारचा, तीन आठवड्यांपूर्वी लागलेला. मी मोबाईलवरून त्याला फोन केला. काय बोलले ते नीट आठवत नाही. चढाच्या वरच गाडी आडवी लाव, पुलावर कुणाला येऊ देऊ नकोस, एवढं ओरडले असेन.

"लगा दी मॅडम. रास्ता बंद."

"पुलावर कुणी आहे का? नीट बघ!"

"खाली है मॅडम. ट्रॅक्टर ही है."

मी हेडफोनवर मामांना म्हणाले, "मामा, मला स्वतःला दिसत नाही. पलीकडं आपली गाडी आडवी लावलीय. तो म्हणतो, मोकळं आहे."

"त्यो म्हनतोय ना? बास."

मग हॉर्न ऐकू आला, न सोडता दाबलेला. कॅमेऱ्यात मामांचे ओठ हलत होते. आणि चित्र गोठलं. नदीच्या त्या पट्ट्यात रेंज अशीच जाते. फोन तुटला. ठिपका पुलाच्या मधोमध लाल होऊन अडकला.

पुन्हा फोन लावायला माझं बोट पुढं होईना. लावला आणि वाजतच राहिला तर? मी त्या गोठलेल्या चेहऱ्याकडं बघत होते. तोंड अर्धवट उघडं. मनात एकच येत होतं, हे शेवटचं चित्र असेल. मी मोकळं आहे म्हणाले म्हणून त्यांनी गाडी बाजूनं घातली. दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांवर भरवसा ठेवून मी एका माणसाला पुढं घातलं होतं.

मोबाईल वाजला. "मॅडम, ट्रॅक्टर के बगल से निकल के चढ गये. गाडी खडी है."

"और मामा?"

"बैठे हैं. उतर नहीं रहे."

साहेबांबरोबर मीही तिथं गेले. मामांना खाली उतरवलं होतं, ते रस्त्याकडेच्या दगडावर बसले होते. कॉइल आणि केबिन यांच्यात माझा हातही गेला नसता. ट्रेलरची पुढची लोखंडी जाळी वाकून केबिनच्या पत्र्यात घुसली होती. मी जाऊन मामांच्या शेजारी दगडावर बसले.

कंपनीनं चौकशी केली. पाचरी कुणी ठोकल्या, साखळी कुणी तपासली, सगळ्यांना विचारलं. कारखाना लोडिंगवाल्याकडं बोट दाखवी, लोडिंगवाला गाडीमालकाकडं. मामांचा फोटो काढून नेला, 'सुरक्षित ड्रायव्हर' म्हणून ऑफिसात लावायला.

महिनाभरानं मामा ऑफिसात आले. कॉइल नको, दुसरा कुठलाबी माल द्या, एवढंच मागायला आले होते. चहा दिला तर कप बशीवर खडखडायला लागला. त्यांनी तो खाली ठेवला.

"अजून थिर ऱ्हात न्हाई हात," ते म्हणाले. "तुझा आवाज लै कापत व्हता त्या दिवशी."

"घाबरले होते मामा."

"ते बरं झालं. शांत बोलली असतीस तर मला वाटलं असतं, हिला काय ठावंच न्हाई."

त्यांना बिस्किटांच्या खोक्यांची गाडी मिळाली. मी अजून त्याच खुर्चीत आहे. ठिपका लाल झाला की फोन लावते. पलीकडून "हॅलो" येईपर्यंत मला श्वास घेता येत नाही.